ट्रॅक्टरच्या मागचा माणूस

सगळ्यात आधी एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं फारसं पटत नाही. मराठी विभागासाठी लेख दे म्हणून संपादक मंडळींनी मेसमध्ये तीन वेळा गाठलं, तेव्हा कविता लिहिणार नाही आणि इंडस्ट्रियल व्हिजिटचं वर्णनही लिहिणार नाही, मला थोडंफार कळतं अशाच गोष्टीवर लिहीन, या अटीवर हो म्हटलं. मला थोडीफार कळणारी गोष्ट म्हणजे ट्रॅक्टरची लिफ्ट. तीसुद्धा गेल्या दिवाळीपासूनच!

दिवाळीत मामाकडे गेले होते, वाळवा तालुक्यात. सोयाबीन निघालं होतं आणि हरभऱ्यासाठी रान तयार करायचं होतं. मामाचा ट्रॅक्टर जुना, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. सकाळी तो अगदी शहाण्यासारखा वागायचा, मागचा रोटाव्हेटर एका दमात उचलायचा. तास-दीड तास काम झालं की मात्र लिफ्ट कण्हत कण्हत वर यायची. इंजिन बंद करून बांधावर चहाला बसलं, की चहा संपेपर्यंत रोटाव्हेटर जमिनीला टेकलेला. मामीने सगळ्यांसमोर जाहीर केलं की आपली पोरगी मेकॅनिकलला आहे, तिला बघू दे. मी गंभीर चेहऱ्याने ट्रॅक्टरला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि पास्कलचा नियम आठवला. नियम बरोबर आठवला, लिफ्ट मात्र होती तिथेच राहिली.

शेवटी इस्लामपूरहून एक मिस्त्री आले. त्यांनी आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, तेल गार असताना कसं उचलतंय आणि तापल्यावर कसं. मग तेलाची पातळी पाहिली. तेल दुधासारखं पांढरं झालंय का ते पाहिलं, कारण तसं झालं असेल तर आत पाणी गेलेलं असतं. मग सक्शनचा स्ट्रेनर काढून धुतला. फरक नाही. मग लिफ्ट वर घेऊन इंजिन बंद केलं, आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं (उचललेल्या अवजाराखाली हात-पाय घालायचे नाहीत, हे त्यांनी तीनदा बजावलं) आणि बिडी ओढत बघत बसले. रोटाव्हेटर हळूहळू खाली आला. त्यांचं निदान झालं होतं. इंजिन बंद म्हणजे पंपही बंद. तरी वजन खाली येतंय, म्हणजे तेल पंपाच्या पुढे कुठेतरी गळतंय, सिलिंडरमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये. गार तेल जाड असतं, ते घासलेल्या सीलपाशीही अडतं. तापलं की पातळ होतं आणि वाट काढतं. झाकण उघडलं, तर पिस्टनची सील खरंच गेलेली होती.

परदेशात बागेतलं गवत कापायला छोटे ट्रॅक्टर असतात. त्यातल्या पुष्कळांत गिअरबॉक्सऐवजी हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन असतं, म्हणजे एक पंप तेल ढकलतो आणि त्या तेलावर फिरणारी मोटर चाकं फिरवते. जुना झाला की तोही असाच रडतो. सकाळी चढ चढतो आणि अर्ध्या तासाने, तेल तापल्यावर, त्याच चढावर बसतो. फ्लुइड पॉवरच्या लेक्चरला हे सगळं मी लिहून घेतलं होतं. परीक्षेत मार्कही मिळाले होते. पण मिस्त्रींची बिडी संपेपर्यंत ते मला कळलेलं नव्हतं, हे खरं.

काम झाल्यावर मी मिस्त्रींना ट्रॅक्टरच्या पाठीवरच्या एका जाड स्प्रिंगबद्दल विचारलं. अवजार तीन दांड्यांनी जोडलेलं असतं, दोन खाली आणि एक वर. वरच्या दांडीला, म्हणजे टॉप लिंकला, ही स्प्रिंग लागून होती. आणि सीटजवळ एक लिव्हर होता, तो मामाने तारेने घट्ट बांधून ठेवला होता. मिस्त्री म्हणाले, ती नांगराची स्प्रिंग, साहेब लोकांनी काढलेली आहे, इकडे कोणी वापरत नाही. कोण साहेब ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत शोधलं, आणि एक वेगळाच माणूस हाती लागला. त्याचं नाव हॅरी फर्ग्युसन.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, आयर्लंडच्या उत्तर भागात, काउंटी डाउनमधल्या ग्रोवेल नावाच्या खेड्यात. घर शेतकऱ्याचं, भावंडं भरपूर. वडील अतिशय कडक, धार्मिक. पोरगा मात्र अंगाने बारीक, डोक्याने बंडखोर. त्याला ना शेतातलं काम आवडायचं, ना वडिलांचा देव. गंमत बघा, ज्या माणसाने पुढे जगभरच्या शेतकऱ्यांचं काम हलकं केलं, त्याला स्वतःला शेती नको होती! मला वाटतं नको होती म्हणूनच. ज्याला नांगरामागे चालण्याचा मनापासून कंटाळा असतो, तोच त्यातून सुटायची वाट शोधतो.

कॅनडाला पळून जायचा त्याचा विचार चालला होता, तेवढ्यात थोरल्या भावाने, जोने, त्याला बेलफास्टच्या आपल्या गॅरेजमध्ये घेतलं. साल साधारण १९०२. सायकली आणि नव्याने आलेल्या मोटारी दुरुस्त करायचं ते दुकान. तिथे कळलं की या पोराला इंजिनचा आवाज ऐकून दुखणं ओळखता येतं. मोटारसायकलच्या शर्यती झाल्या, मग डोक्यात विमान शिरलं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. १९०९ मध्ये फ्रान्समधलं आणि ब्लॅकपूलचं विमानांचं संमेलन बघून हॅरी परतला आणि गॅरेजमध्येच त्याने स्वतःचं विमान बांधलं. ३१ डिसेंबर १९०९ ला, सोसाट्याच्या वाऱ्यात, हिल्सबरो इथे ते सुमारे १३० यार्ड उडालं. म्हणजे आपल्या मेन गेटपासून कँटीनपर्यंतही नाही. पण आयर्लंडमध्ये विमान उडवणारा तो पहिला माणूस ठरला. पुढच्या वर्षी न्यूकॅसलच्या किनाऱ्यावर जवळजवळ तीन मैल उडून १०० पौंडांचं बक्षीसही मिळवलं. वय पंचवीस. (आमचं वय वीस, आणि आम्ही वर्कशॉप जॉबची फिटिंग दुसऱ्याकडून घासून घेतो. असो.)

१९११ मध्ये भावापासून वेगळा होऊन त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. तिथे त्याला विली सँड्स नावाचा मेकॅनिक मिळाला. या माणसाबद्दल पुस्तकांत कमी लिहिलेलं असतं, पण माझ्या मते त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकली नसती. हॅरीच्या डोक्यात कल्पना यायच्या आणि त्या तो इतरांना पटवून द्यायचा. पण लोखंडाला हात लावायचा तो सँड्स. कितीतरी वर्षं हे दोघं भांडत, रुसत, परत एकत्र येत काम करत राहिले. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपसारखंच म्हणा ना, फक्त यांचं प्रोजेक्ट सबमिट झालं.

१९१७ साली पहिलं महायुद्ध चालू होतं. धान्याची टंचाई होती. सरकारने हॅरीला एक काम दिलं, आयर्लंडमध्ये फिरून शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर नीट चालतात का ते बघायचं आणि त्यांना ते वापरायला शिकवायचं. तो आणि सँड्स गावोगाव हिंडले. म्हणजे एका परीने ते फिरते मिस्त्रीच होते. या फिरण्यात त्यांना दिसलं की ट्रॅक्टर आणि नांगर हे दोन अनोळखी पाहुणे आहेत, एका साखळीने बांधलेले. बैल काढले आणि त्यांच्या जागी इंजिन जुंपलं, एवढंच झालं होतं. नांगर स्वतःच्या चाकांवर, जड, मागे फरपटत येणारा. आणि त्याला ओढता यावं, चाकं घसरू नयेत, म्हणून ट्रॅक्टर आणखी जड. जड ट्रॅक्टरने जमीन दाबायची आणि मग त्याच दाबलेल्या जमिनीत नांगर घालायचा!

यापेक्षा वाईट गोष्ट जिवावरची होती. त्याच वर्षी हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर आला. हलका, स्वस्त, लाखांनी खपलेला. पण नांगराचा फाळ दगडात किंवा मुळात अडकला तर काय होतं बघा. मागची चाकं अडून बसतात, इंजिन मात्र जोर लावतच राहतं. मग चाकं फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरतो, पुढची चाकं हवेत जातात आणि अख्खा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा पडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. असे किती तरी शेतकरी मेले. ॲक्शन-रिॲक्शन आपण आठवीत पाठ करतो, ते त्या लोकांच्या छातीवर येऊन पडत होतं.

हॅरीचं म्हणणं साधं होतं. नांगर ट्रॅक्टरला बांधायचा नाही, नांगर हा ट्रॅक्टरचाच अवयव करायचा. आधी दोन दांड्यांची जोडणी झाली, एकावर एक. त्यात वरची दांडी महत्त्वाची. नांगर जमिनीत ओढला जातो तेव्हा तो खालच्या सांध्याभोवती पुढे कलंडू बघतो आणि वरच्या दांडीने ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. हा धक्का ट्रॅक्टरचं पुढचं तोंड खाली दाबून धरतो. म्हणजे जो जोर ट्रॅक्टरला उलटवत होता, त्यालाच त्याने उलटू न देण्याच्या कामाला लावलं. कागदावर एक फ्री बॉडी डायग्राम काढून बघा, पाच मिनिटांत पटेल. त्यांना ते पटायला, म्हणजे लोखंडात पटायला, कित्येक वर्षं लागली. पुढे दोनाच्या तीन दांड्या झाल्या, खाली दोन आणि वर एक. तीच आजची थ्री पॉइंट लिंकेज.

आता नवीन भानगड. नांगर ट्रॅक्टरला घट्ट जोडला, तर ट्रॅक्टरचं पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की मागे नांगर खोल घुसतो आणि खड्ड्यात उतरलं की वर येतो. तास कुठे वीतभर, कुठे चार बोटं. नांगराला खोली धरणारं चाक लावावं, तर नांगराचा भार त्या चाकावर जातो आणि ट्रॅक्टरच्या चाकांना पकड मिळत नाही. इथे पुष्कळ जणांनी हात टेकले असते. हॅरीने यांत्रिक उपाय करून पाहिले, विजेवरचे करून पाहिले आणि शेवटी तेलावर आला. त्याचं पेटंट १९२५-२६ चं.

कल्पना अशी. नांगर खोल गेला की ओढायला जोर जास्त लागतो. जोर वाढला की वरची दांडी जास्त ढकलते. तिथे एक स्प्रिंग ठेवा. ती दाबली गेली की एक व्हॉल्व्ह सरकतो, पंप सिलिंडरमध्ये तेल भरतो आणि नांगर किंचित वर येतो. जोर कमी झाला, स्प्रिंग सैल पडली, व्हॉल्व्ह परत जागेवर. हे सगळं शेतात चालता चालता, चालवणाऱ्याने हात न लावता. आणि अचानक दगड आला, तर स्प्रिंग एकदम दाबली जाते, तेल सुटतं, नांगराचा भार मागच्या चाकांवरून जातो आणि चाकं नुसती जागेवर फिरतात. माणूस वाचतो. कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरला निगेटिव्ह फीडबॅकची व्याख्या दोन मार्कांना येते. मला विचाराल तर तिथे ब्लॉक डायग्रामच्या जागी नांगर काढून दाखवायला हवा.

फोर्डसनसाठीचे नांगर बनवायला हॅरीने १९२५ मध्ये अमेरिकेत, इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला, शर्मन बंधूंबरोबर कंपनी काढली. पण १९२८ मध्ये फोर्डने अमेरिकेत फोर्डसन बनवणंच थांबवलं. ज्याच्या पाठीवर नांगर बसवायचा, तो ट्रॅक्टरच गेला. मग त्याने ठरवलं, ट्रॅक्टरही आपणच करायचा. १९३३ मध्ये बेलफास्टला एकच एक ट्रॅक्टर तयार झाला. काळा रंग दिला म्हणून त्याचं नाव ब्लॅक ट्रॅक्टर. आज तो लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

इथे मला आमचे मिस्त्री परत आठवतात, कारण इथेही प्रश्न तेल तापण्याचाच होता. पंप सतत चालतो. लिफ्टला तेल नको असतं तेव्हा त्या तेलाचं करायचं काय? व्हॉल्व्ह पंपाच्या पुढे, म्हणजे दाबाच्या बाजूला बसवला, तर पंप उगाचच तेल दाबत राहतो, ते रिलीफ व्हॉल्व्हमधून परत टाकीत पडत राहतं आणि ती सगळी वाया गेलेली शक्ती तेलात उष्णता होऊन बसते. तेल पातळ होतं, गळतं, लिफ्ट दमते. फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरमध्ये हा व्हॉल्व्ह पंपाच्या मागे, तेल आत ओढायच्या बाजूला बसवला गेला. काम नसेल तेव्हा पंपाला तेलच मिळत नाही. तो रिकामा फिरतो. दाब नाही, म्हणून तापणंही नाही. वाचताना मला वाटलं, अरे हे तर किती सोपं आहे! पण सोपी गोष्ट आपल्याला त्यांनी करून दाखवल्यावर सोपी वाटते. हा छोटासा व्हॉल्व्ह लक्षात ठेवा, तो पुढे कोर्टात भेटणार आहे.

१९३६ पासून इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्राउन या गिअर बनवणाऱ्या उद्योजकाच्या कारखान्यात हा ट्रॅक्टर निघू लागला. किंमत २२४ पौंड, अवजारांचे पैसे वेगळे. सुमारे १,३५० ट्रॅक्टर बनले आणि दोघांचं बिनसलं. ब्राउनला जास्त ताकदीचा ट्रॅक्टर हवा होता, हॅरीला आपल्या डिझाइनला कोणी हात लावलेला खपत नव्हता. स्वभावाने तो तसा अवघडच. टापटीप इतकी की बघणाऱ्याला धाप लागावी. त्याच्या ट्रॅक्टरबरोबर एक पाना मिळायचा, आणि अवजारं जोडण्या-सोडण्याचे सगळे नट दोनच मापांचे ठेवले होते, पान्याच्या दोन टोकांना बसणारे. पान्यावर लांबी मोजायच्या खुणासुद्धा होत्या. आपल्या वर्कशॉपमध्ये बारा-तेराचा पाना शोधण्यात ज्यांचं अर्धं प्रॅक्टिकल गेलं, त्यांना या माणसाची थोरवी वेगळी सांगायला नको.

१९३८ च्या ऑक्टोबरमध्ये तो एक ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेला, डिअरबॉर्नला, थेट हेन्री फोर्डच्या घरच्या शेतावर गेला. फोर्ड तेव्हा पंचाहत्तरीचा. त्याने पूर्वी हॅरीला नोकरी देऊ केली होती आणि हॅरीने नाकारली होती. शेतात प्रात्यक्षिक झालं. मग शेतातच टेबल-खुर्च्या मांडून दोघं बसले. हॅरीने स्प्रिंगवर चालणारा छोटा खेळण्यातला ट्रॅक्टर काढून जोडणीचं तत्त्व समजावलं. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. त्याला लगेच पटलं. ठरलं असं की डिझाइन हॅरीचं, बनवायचं फोर्डने, विकायचं हॅरीने आणि दोघांपैकी कोणालाही केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येईल. कागद नाही, वकील नाही, साक्षीदार नाहीत. दोघं उठले आणि त्यांनी हात मिळवले. झाला करार!

मला हा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी हॅरीला हलवून जागं करावंसंही वाटलं. अहो, आपण रूम पार्टनरला दोनशे रुपये दिले तरी मोबाईलमध्ये लिहून ठेवतो. तुम्ही आयुष्यभराची पेटंटं शब्दावर देताय? पण त्या दोघांचा एकमेकांवर खरंच विश्वास होता आणि जोवर दोघं होते तोवर तो टिकला. जून १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ९एन बाजारात आला, किंमत ५८५ डॉलर. १९४७ पर्यंत असे तीन लाखांवर ट्रॅक्टर बनले.

मधल्या काळात इंग्लंडमध्येही गाडी रुळावर आली. १९४६ पासून कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात, जिथे युद्धात विमानांची इंजिनं बनत, स्टँडर्ड मोटर कंपनी त्याच्यासाठी टीई२० बनवू लागली. हाच तो प्रसिद्ध छोटा करडा फर्गी. १९५६ पर्यंत ५ लाख १७ हजारांवर निघाले. प्रात्यक्षिकात दोरीने आखलेल्या एवढ्याशा चौकोनात ट्रॅक्टर घालून, दोरीला न लागता, कोपऱ्यापर्यंत नांगरून दाखवायचे. छोट्या शेतकऱ्याला, ज्याच्या शेतात मोठा ट्रॅक्टर नुसता वळवतानाच निम्मं रान जातं, त्याला हे बघून काय वाटलं असेल ते आपल्याकडच्या कोणालाही सांगायला नको.

आणि मग एप्रिल १९४७ मध्ये हेन्री फोर्ड वारला. कंपनी आधीच नातवाच्या, दुसऱ्या हेन्री फोर्डच्या हातात आलेली होती. नातवाने हिशोब पाहिला, तर ट्रॅक्टर विकून कंपनीला तोटाच होत होता. आजोबांचा शब्द त्याने जूनअखेर संपवला आणि जुलैमध्ये स्वतःचा ८एन बाजारात आणला. त्यात हॅरीची तीन दांड्यांची जोडणी होती, हायड्रॉलिक होतं, सगळं होतं. नाव तेवढं नव्हतं. अमेरिकेतल्या हॅरीच्या कंपनीकडे विक्रेते होते, अवजारं होती, विकायला ट्रॅक्टर नव्हता. थांबायचा हक्क नातवाला होता, ते त्या हस्तांदोलनातच ठरलं होतं. पण थांबणं वेगळं आणि दुसऱ्याचं डिझाइन घेऊन पुढे जाणं वेगळं. मी तरी इथे हॅरीच्या बाजूने आहे.

जानेवारी १९४८ मध्ये त्याने फोर्ड कंपनीवर २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. एकीकडे डेट्रॉइटमध्ये स्वतःचा कारखाना उभारून ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली, दुसरीकडे वकिलांच्या प्रश्नांना दिवसच्या दिवस उत्तरं देत बसला. चार वर्षं गेली. एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली. पेटंटच्या रॉयल्टीपोटी ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. आणि फोर्डने आपल्या ट्रॅक्टरमधून काय काढून टाकायचं ठरलं? तीन दांड्यांची जोडणी नाही, त्या मूळ पेटंटांची मुदत संपत आली होती. काढायचा होता तो पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला बसवलेला व्हॉल्व्ह आणि पंप फिरवायची त्याची पद्धत. एवढ्या लढाईनंतर मुख्य शोध सगळ्यांचा झाला, आणि तेल तापू नये म्हणून केलेली युक्ती तेवढी त्याची राहिली.

पैसे मिळाले, पण माणूस थकला होता. १९५३ मध्ये त्याने आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीवरून १० लाख डॉलरचा फरक राहिला, तेव्हा हॅरीने नाणं उडवायला सांगितलं. नाणं उडवलं, तो हरला आणि हसून बाजूला झाला म्हणतात. वर्षभरात नव्या भागीदारांशीही पटेना, म्हणून बाहेर पडला. नंतरचा सगळा जीव त्याने मोटारींच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ओतला, गाडी घसरू नये, माणसं मरू नयेत म्हणून. मोठ्या कंपन्यांकडे खेटे घातले, त्यांनी माना डोलावल्या आणि काही केलं नाही. झोप उडाली, मन खचत गेलं. २५ ऑक्टोबर १९६० ला इंग्लंडमधल्या त्याच्या राहत्या घरी, बाथटबमध्ये, तो मृतावस्थेत सापडला. झोपेच्या औषधाचा डोस जास्त झाला होता. अपघाताने की जाणूनबुजून, याचा निर्णय चौकशीत होऊ शकला नाही. हे लिहायचं की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. पण तो भाग गाळून नुसत्या यशाची गोष्ट सांगणं मला खोटं वाटलं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६१ मध्ये, त्याच्या संस्थेने बनवलेली फोर-व्हील ड्राइव्हची रेसिंग कार घेऊन स्टर्लिंग मॉसने ओल्टन पार्कची शर्यत जिंकली. त्याच्या ट्रॅक्टरचं एक मोठं यश मात्र त्याच्या हयातीतलंच. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर, चाकांवर पट्टे चढवून. आपल्याकडे, हॅरी गेला त्याच १९६० साली, तेव्हाच्या मद्रासला टाफे कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसनचे लाल ट्रॅक्टर भारतात बनू लागले. पण तेवढंच कशाला? हिरवा, निळा, लाल, कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर घ्या. आपल्या कॉलेजसमोरून उसाच्या दिवसांत जे जातात ना, त्यांच्या मागे जाऊन बघा. खाली दोन दांड्या, वर एक.

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की मग तो तारेने बांधलेला लिव्हर नक्की कशाचा. मी म्हटलं, ड्राफ्ट कंट्रोलचा. म्हणजे नांगर आपोआप वर-खाली करणारा, ज्याच्यासाठी बिचाऱ्याने आयुष्य घातलं तोच. मामा म्हणाला, पंधरा वर्षं झाली, तो हलतो म्हणून बांधून ठेवलाय. परीक्षा संपली की मे महिन्यात जाणार आहे. विहिरीकडच्या रानात नांगरट व्हायची आहे. मिस्त्रींनाही बोलावलंय. पक्कड घेऊन ती तार मी सोडणार, आणि पहिलं तास मीच मारणार, असं मामीने परस्पर ठरवून टाकलंय.